कलकत्त्यातला एक डाव, मे १८५५

कुठल्याही बुद्धिबळ मंडळात संध्याकाळी तासभर बसा. हरलेला माणूस सोंगट्या डब्यात भरता भरता बहुतेक वेळा एकच कारण सांगतो: ओपनिंग फसलं. मग तो सिसिलियन सोडून फ्रेंच बचाव धरतो, फ्रेंच सोडून कारो-कान धरतो, दर वेळी नवं पुस्तक विकत घेतो आणि वर्षभराने पहिल्या जागी परत येतो. डाव कुठल्या खेळीवर हातचा गेला हे मात्र तपासायचं राहून जातं. भाकरी करपली म्हणून पिठाला नावं ठेवण्यातलाच हा प्रकार.

या प्रकरणात आपण असाच एक हरलेला डाव उलगडून पाहू. तो कुठल्या मोठ्या स्पर्धेतला नाही. क्लबातल्या दोन नेहमीच्या खेळाडूंनी आपसात खेळलेला हा डाव आहे. काळ्या मोहऱ्यांवर बसलेल्याने १८ खेळ्यांत हार खाल्ली, तीही देखणी मात होऊन. गंमत अशी, की त्याने खेळलेली सुरुवात आज जगज्जेतेपदाच्या लढतींत खेळली जाते. निकाल वाईट आणि ओपनिंग उत्तम, असा हा डाव आहे. म्हणूनच क्लबात खेळणाऱ्याने तो एकदा तरी पटावर मांडून पाहावा.

पटावरचे दोघे

पांढऱ्या मोहऱ्यांवर होता जॉन कॉक्रन. जन्म १७९८चा, माणूस स्कॉटिश, पेशाने बॅरिस्टर. १८२१ साली तो पॅरिसला जाऊन देशापेल आणि ला बूर्दोने या त्या काळच्या अव्वल फ्रेंच खेळाडूंशी खेळला आणि हरून परतला. पुढच्याच वर्षी त्याचं बुद्धिबळावरचं पुस्तक निघालं. नंतर त्याने वकिलीसाठी कलकत्ता गाठलं. १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला तो काही काळ लंडनला गेला आणि तिथे हॉवर्ड स्टाँटनशी भरपूर डाव खेळला. स्टाँटन म्हणजे त्या वेळचा युरोपातला सर्वांत वजनदार खेळाडू. हा अवकाश सोडला, तर कॉक्रनच्या उमेदीचा मोठा काळ हुगळीच्या काठीच गेला. प्रतिस्पर्ध्याच्या राजावर धावून जाणं, त्यासाठी मोहरं पणाला लावणं, हा त्याचा स्वभाव होता.

काळ्या मोहऱ्यांवर होते महेशचंद्र बॅनर्जी. त्यांच्याबद्दल जे कळतं त्यातलं बरंचसं लंडनच्या एका बुद्धिबळ मासिकात १८५० साली छापून आलेल्या पत्रामुळे. कलकत्त्याबाहेरच्या मुलखात एक ब्राह्मण आहे आणि त्याला आजवर कुणी हरवलेलं नाही, असं कॉक्रनच्या कानावर आलं. तो त्यांना शोधत गेला, खेळला आणि जिंकला. पण समोरच्याची कुवत त्याच्या लक्षात आली. पुढे कलकत्त्याचा क्लब सुरू झाला, तेव्हा महेशचंद्रांना पगारी खेळाडू म्हणून तिथे आणण्यात आलं. युरोपीय नियम त्यांना फारसे ठाऊक नव्हते. ते त्यांनी तिथे येऊन शिकून घेतले आणि थोड्याच काळात कॉक्रनसमोर बरोबरीच्या नात्याने बसू शकणारा कलकत्त्यातला एकमेव खेळाडू म्हणून त्यांचं नाव झालं.

त्यानंतर ही जोडी वर्षानुवर्षं समोरासमोर बसत राहिली. कॉक्रन त्यातले डाव लिहून ठेवायचा आणि लंडनला पाठवायचा. या डावाच्या वेळी सुएझ कालवा उघडायला अजून १४ वर्षं होती. त्यामुळे कलकत्त्यातली खेळी लंडनच्या वाचकासमोर यायला महिने लागत. पण ती छापली जायची, आणि म्हणून ती आज आपल्याला मिळते.

एकच घर चालणारं प्यादं

महेशचंद्र ज्या पद्धतीने खेळायला शिकले, ती आपली देशी पद्धत. प्रांतोप्रांती तिच्यात थोडाफार फरक असे, पण एक नियम बहुतेक ठिकाणी सारखा होता: प्यादं पहिल्या खेळीतही एकच घर पुढे जायचं. युरोपीय पद्धतीतला किल्लेकोट तिच्यात नव्हता. त्याऐवजी, शह बसलेला नसेल तर राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मारता यायची. देशी आणि विलायती अशा दोन्ही पद्धती तेव्हा शेजारी शेजारी नांदत होत्या. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथावरून केलेलं, युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेलं इंग्रजी पुस्तक मुंबईत १८१४ सालीच छापलं गेलं होतं.

प्याद्याच्या त्या एका घराचा परिणाम पार रणनीतीपर्यंत पोहोचतो. युरोपीय खेळात ई आणि डी पट्ट्यांतली प्यादी दोन-दोन घरं उडी घेऊन लगेच मध्यावर भिडतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेळीलाच मारामारी सुरू होते. देशी खेळात दोन्ही सैन्यं सावकाश सरकतात, चकमक उशिरा होते आणि मोहरे नीट मांडायला सवड मिळते. अशा खेळात उंटासाठी सोयीची जागा कोणती? जी पट्ट्यातलं प्यादं एक घर पुढे सरकवायचं आणि उंट त्याच्या मागे, जी७वर ठेवायचा. तिथून तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतच्या लांब तिरप्या रेषेवर नजर ठेवतो. युरोपात या मांडणीला इटालियन नाव होतं, फियांचेट्टो. तिथे ती माहीत होती, पण तिची गणना आडवळणाच्या खेळांत व्हायची. महेशचंद्रांच्या हातात मात्र ती लहानपणापासून मुरलेली होती.

डाव

खेळ्या वाचताना एवढं लक्षात असू द्या. पटाच्या उभ्या पट्ट्यांना ए ते एच आणि आडव्या ओळींना १ ते ८ असं म्हणतात. ओळी पांढऱ्याच्या बाजूने मोजायच्या. मोहऱ्याचं नाव दिलेलं नसेल तर ती प्याद्याची खेळी. × म्हणजे मारणं.

१. डी४ घोडा एफ६ २. सी४ जी६ ३. घोडा सी३ डी५

इथेच आजचा खेळाडू चमकतो. काळ्याने मध्य पांढऱ्याला मोकळा सोडला, उंटासाठी जी६ करून ठेवलं आणि मग अचानक डी५ करून त्याच मध्यावर हात घातला. आजच्या पुस्तकांत या तीन खेळ्यांवर ‘ग्रुनफेल्ड बचाव’ असा शिक्का आहे. या सुरुवातीचा सर्वांत जुना ज्ञात डाव तो हाच.

४. ई३ उंट जी७ ५. घोडा एफ३ किल्लेकोट ६. सी×डी५ घोडा×डी५ ७. उंट ई२ घोडा×सी३ ८. बी×सी३ सी५

कॉक्रनने ई३ करून सबुरीचा मार्ग धरला. आज बहुतेक जण आधी डी५वर मारामारी करून प्यादं थेट ई४वर नेतात आणि मध्यावर भरभक्कम प्यादी उभी करतात. काळ्याची योजना मात्र दोन्हीकडे एकच आहे. घोडे बदलून घ्यायचे, जी७च्या उंटापुढची रेषा मोकळी करायची आणि सी५ करून डी४च्या प्याद्याला धक्का द्यायचा. आठव्या खेळीला महेशचंद्रांनी नेमकं हेच केलं.

९. किल्लेकोट सी×डी४ १०. सी×डी४ घोडा सी६ ११. उंट बी२ उंट जी४ १२. हत्ती सी१ हत्ती सी८ १३. उंट ए३ वजीर ए५

काळ्याच्या मोहऱ्यांचा रोख बघा. जी७चा उंट डी४कडे पाहतो. सी६चा घोडा डी४कडे पाहतो. जी४चा उंट एफ३च्या घोड्यावर दबाव आणतो, आणि तो घोडा डी४च्या राखणदारांपैकी एक आहे. एका प्याद्याभोवती सगळी योजना विणली आहे. बळ बरोबरीचं आहे: दोघांची सहा-सहा प्यादी, दोन-दोन उंट, दोन-दोन हत्ती, एक-एक घोडा आणि वजीर. राजे दोघांचेही किल्ल्यात आहेत. वजीर ए५वर येऊन ए३च्या उंटाला धमकावतो आहे. ओपनिंगचं काम इथे संपलं, आणि काळ्याला तक्रार करायला काही जागा नाही.

१४. वजीर बी३ हत्ती एफ-ई८

पांढऱ्या वजिराने ए३चा उंट राखला आणि त्याच वेळी बी३-एफ७ या तिरप्या रेषेवर बैठक मारली. महेशचंद्रांची चिंता दुसरीच होती. ई७च्या प्याद्यावर ए३च्या उंटाची नजर आहे. ते प्यादं सी६चा घोडा राखतो खरा, पण सी१चा हत्ती त्या घोड्यालाच मारू शकतो. तेव्हा ई७ला आणखी एक राखणदार हवा, म्हणून एफ८चा हत्ती ई८वर गेला. विचार चुकीचा नाही. फक्त तोच हत्ती एफ७चं प्यादंही राखत होता. आता एफ७वर राजाशिवाय कुणीच उरलं नाही.

१५. हत्ती सी५ वजीर बी६ १६. हत्ती बी५ वजीर डी८

हत्तीने वजिराला दोनदा हुसकावलं. वजीर ए५वरून बी६वर आणि तिथून डी८वर गेला. तो सरळ डी८वर गेला असता, तर हत्ती बी५वर आल्यावर खेळायची पाळी काळ्याची असती. बी६च्या थांब्यामुळे एक अख्खी खेळी फुकट गेली. शिवाय बी५चा हत्ती पाचव्या ओळीत डावीकडून उजवीकडे जी५पर्यंत पाहतो. त्याचं महत्त्व आता कळेल.

१७. घोडा जी५ उंट×ई२

घोडा एफ३वरून उठला आणि एकदम दोन धमक्या उभ्या राहिल्या: एफ७वर घोडा आणि वजीर यांचा दुहेरी मारा, आणि ई२चा उंट जी४च्या उंटाला मारायला मोकळा. ई६ करून वजिराची रेषा बंद करावी, तर जी४चा उंट पडतो. मग डी८च्या वजिराने जी५चा घोडा टिपून भरपाई करावी म्हटलं, तर तो घोडा बी५चा हत्ती राखतो आहे. उंट ई६वर मागे घेणं हा त्यातला बरा मार्ग होता. एखादं-दुसरं प्यादं गेलं असतं, पण डाव चालू राहिला असता. महेशचंद्रांनी समोर दिसणारा उंट मारून घेतला. आता त्यांचा उंट एफ१ आणि बी५ अशा दोन्ही हत्तींवर डोळा ठेवून आहे, आणि हातात एक मोहरं जास्त आहे.

१८. घोडा×एफ७ घोडा ए५

कॉक्रन परत मारायला थांबलाच नाही. एफ७च्या घोड्याला राजा मारू शकत नाही, कारण मागे वजीर आहे. डी८चा वजीर घोड्याच्या माऱ्यात आहे, पण तो कुठेही हलला तरी खरी आपत्ती टळत नाही. महेशचंद्रांनी घोडा ए५वर नेऊन पांढऱ्या वजिरावर हल्ला केला, आणि मात तीन खेळ्यांवर आली.

घोडा एच६ला जातो: घोड्याचा शह आणि मोकळ्या झालेल्या रेषेतून वजिराचा शह, दोन्ही एकदम. दुहेरी शहाला उत्तर एकच, राजा हलवणं. राजा एफ८ला गेला तर वजीर एफ७वर येऊन मात. एच८ला गेला तर वजीर थेट जी८वर उडी घेतो. एच६चा घोडा त्याला राखतो, म्हणून राजा त्याला मारू शकत नाही, ई८च्या हत्तीलाच मारावं लागतं. तो हत्ती जी८वर आला, की राजाभोवती त्याचेच मोहरे आणि प्यादी उभी राहतात. घोडा पुन्हा एफ७वर येतो आणि कोंडलेल्या राजाला मात बसते.

कुठे बिघडलं

आता हिशेब मांडू. ओपनिंगमध्ये, म्हणजे पहिल्या १३ खेळ्यांत, काळ्याने काही गमावलं नाही. चौदाव्या खेळीने एफ७ उघडं पडलं. पंधराव्या-सोळाव्याने एक खेळी वाया गेली. सतराव्याने डाव गेला. तिन्ही ठिकाणी दोष आहे तो आपल्या राजाशेजारचं एक घर नजरेआड होण्याचा. त्यात ग्रुनफेल्डचा काही दोष नाही. महेशचंद्रांनी दुसऱ्या दिवशी पहिली खेळी बदलली असती, तर औषध भलत्याच दुखण्यावर लागलं असतं.

कॉक्रनच्या बाजूने पाहिलं तर हा डाव अपघाताने जिंकलेला वाटत नाही. एफ७ हे त्याचं आवडतं घर होतं. याच महेशचंद्रांविरुद्ध १८४८ साली त्याने एक धाडस केलं होतं: १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा एफ६ ३. घोडा×ई५ डी६ ४. घोडा×एफ७. चौथ्याच खेळीला अख्खा घोडा देऊन बदल्यात दोन प्यादी आणि बाहेर ओढलेला राजा. हा आजही ‘कॉक्रन गॅम्बिट’ म्हणून ओळखला जातो. सात वर्षांनी घोडा पुन्हा त्याच घरात पडला, या वेळी मात करायला. क्लबात एकाच माणसाशी वर्षानुवर्षं खेळण्याचा हा फायदा असतो. ओपनिंगच्या अभ्यासाआधी समोरच्याची खोड ओळखता येते. महेशचंद्रांना ती ओळखायला भरपूर संधी होती. कॉक्रनचा घोडा जी५कडे वळला की एफ७ मोजायचं, एवढी एक सवय इथे उपयोगी पडली असती.

महेशचंद्र नेहमीच हरत नसत, हेही सांगायला हवं. त्याच काळात ते कॉक्रनच्या ई४ला डी६, मग जी६, उंट जी७, घोडा एफ६ आणि किल्लेकोट असं उत्तर देऊन जिंकतानाही दिसतात. ही मांडणी आजच्या ‘किंग्ज इंडियन’ची. एकाच काळात, एकाच क्लबात, विसाव्या शतकात गाजलेल्या दोन ओपनिंग एका माणसाच्या हातून पटावर आल्या.

सदुसष्ट वर्षांनी

युरोपने या खेळ्या पाहिल्या, पण मनावर घेतल्या नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथली शिकवण अशी होती, की मध्यावर प्यादी उभी करा, मध्य ज्याचा, त्याचा डाव. या शाळेचा कडक मास्तर म्हणजे जर्मनीचा झीगबर्ट टाराश. मध्य समोरच्याला देऊन टाकायचा आणि मग दुरून त्यावर मारा करायचा, हे त्या शिकवणीत बसत नव्हतं.

पहिल्या महायुद्धानंतर एक नवी पिढी आली: निमझोविच, रेटी, टार्टाकोव्हर आणि व्हिएन्नाचा अर्न्स्ट ग्रुनफेल्ड. प्रतिस्पर्ध्याची मध्यावरची प्यादी म्हणजे मारा करायला उभं केलेलं लक्ष्य, असं ते म्हणू लागले. ग्रुनफेल्डने १९२२ साली तिसऱ्या खेळीला डी५ खेळून व्हिएन्नात अलेखाइनसारख्या खेळाडूला हरवलं, आणि बचावाला त्याचं नाव चिकटलं. महेशचंद्रांच्या डावाला तेव्हा ६७ वर्षं झाली होती.

वैयक्तिक नाव ग्रुनफेल्डला गेलं, पण कुळाचं नाव कलकत्त्याकडेच राहिलं. डी४ला घोडा एफ६ने उत्तर देणाऱ्या सगळ्या ओपनिंगना ‘इंडियन’ म्हणतात: किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निमझो-इंडियन, बोगो-इंडियन. ‘इंडियन डिफेन्स’ हा शब्दप्रयोग १८८४ सालापासून आढळतो आणि त्याचं मूळ कॉक्रनविरुद्धच्या महेशचंद्रांच्या खेळात सांगितलं जातं. इंग्रज लेखक फिलिप सार्जंटने १९३४ साली हे ऋण स्पष्ट मान्य केलं. फियांचेट्टोची मांडणी महेशचंद्र आणि इतर भारतीय खेळाडूंना त्यांच्या देशी खेळातून मिळाली होती, आणि युरोपने ती बऱ्याच अंशी त्यांच्याकडून घेतली, असा त्याचा निष्कर्ष होता. सार्जंटसमोर जिवंत उदाहरणही होतं. पंजाबचा मीर सुलतान खान देशी पद्धतीत वाढला, मोठेपणी युरोपीय नियम शिकला, १९२९, १९३२ आणि १९३३ असा तीनदा ब्रिटिश विजेता झाला आणि हेस्टिंग्जला त्याने कापाब्लांकालाही हरवलं. त्यालाही उंट कोपऱ्याच्या रेषेवर ठेवायला आवडायचं.

पुढे कास्पारोव्हने १९८६च्या लढतीत कार्पोव्हविरुद्ध ग्रुनफेल्ड वारंवार खेळला. २०१० साली सोफियात विश्वनाथन आनंदने टोपालोव्हविरुद्ध जगज्जेतेपदाच्या पहिल्याच डावात काळ्या मोहऱ्यांनी ग्रुनफेल्ड निवडला आणि त्याला वाईट मार बसला. राजा एफ७वर नेण्याची एक चूक पुरी पडली. पण आनंदने या बचावाला दोष दिला नाही. दहाव्या डावात त्याने तोच पुन्हा काढला, बरोबरी साधली आणि शेवटी किताब राखला. हरल्यानंतर ओपनिंग कसं तपासायचं याचा हा वस्तुपाठ आहे: बचावात खोट होती की एका खेळीत, हे आधी ठरवायचं.

हाच वस्तुपाठ तुम्हाला घरी गिरवता येईल. पट घ्या आणि वर दिल्याप्रमाणे तेराव्या खेळीपर्यंत डाव मांडा. चौदाव्या खेळीला पांढरा वजीर बी३वर ठेवा आणि काळ्याच्या बाजूने तुम्ही बसा. एकच अट: एफ८चा हत्ती जागचा हलवायचा नाही. ई७ दुसऱ्या कुठल्या उपायाने सांभाळता येतं ते शोधा, मग पाच-सहा डाव समोरच्याशी खेळून बघा. त्यानंतर आपलेच मागच्या महिन्यातले हरलेले डाव काढा, प्रत्येकात बळ कुठल्या खेळीला घटलं त्यावर खूण करा आणि खुणेचा आकडा पाहा. तो १० पेक्षा लहान असेल, तर ओपनिंगचं पुस्तक उघडा. मोठा असेल, तर पुस्तक बंदच राहू द्या आणि प्रत्येक खेळीआधी आपल्या राजाशेजारची घरं मोजायला लागा.